साहित्याच्या व्याख्यानाला जायचंय पण आपल्याला आत घेतील का, असं वाटतं? हे वाचा

नागपुरात खूप जण विचारतात की आम्ही ना एमए मराठी ना संस्कृतवाले, मग विद्यापीठातल्या सेमिनारला गेलो तर चालतं का. चालतं हो! फक्त काय आहे ते आधी बघून घ्या. जाहीर व्याख्यान असेल तर सरळ जाऊन बसा, तिथे शक्यतो कोणी काही विचारत नाही. चर्चासत्र असेल तर रजिस्ट्रेशन आणि फी असू शकते, कारण त्यात जेवण, किट, सर्टिफिकेट सगळं धरलेलं असतं. तुम्हाला सर्टिफिकेट नकोच आहे, मग पत्रिकेवर संयोजकांचा नंबर असतो त्यावर फोन करून सांगा की मला फक्त बीजभाषण (म्हणजे सुरुवातीचं मुख्य भाषण) आणि अमुक सत्र ऐकायचंय. बहुतेक वेळा "या ना" म्हणतात, हॉल भरलेला दिसला तर त्यांनाही बरंच असतं.

पत्रिका मिळणं हीच खरी कटकट. व्हॉट्सॅपवर पीडीएफ फिरते तीही आदल्या रात्री. म्हणून विदर्भ साहित्य संघाकडे, म्हणजे सीताबर्डीवर झाशी राणी चौकात, येता-जाता डोकावत जा (मेट्रोचं स्टेशन तिथेच आहे, गाडी नेऊन पार्किंग शोधत फिरू नका), आणि नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोडच्या कॅम्पसमध्ये भाषा विभागांचे नोटीस बोर्ड बघा. काही तारखा तर ठरलेल्याच असतात. 14 ते 28 जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, 27 फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, 30 सप्टेंबर आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन, आणि आषाढाचा पहिला दिवस म्हणजे कालिदास दिन. त्या सुमारास कुठे ना कुठे काहीतरी असतंच.

आता मुख्य गोष्ट. मूळ कलाकृतीचं एक पान तरी वाचून जा, अख्खं पुस्तक नको, एकच पान. समजा मेघदूताच्या अनुवादांवर व्याख्यान आहे. रिझर्व बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, शांता शेळके, या सगळ्यांनी ते मराठीत आणलंय. त्यातले कुठलेही दोन घ्या आणि पहिलाच श्लोक शेजारी शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. मूळ वृत्त मंदाक्रांता, ओळीत 17 अक्षरं, 4, 6 आणि 7 असे तुकडे पडतात, म्हणजे पहिल्या चार गुरू (लांब उच्चाराच्या) अक्षरांवर ओळ संथ चालते, मग पाच लघु (आखूड) अक्षरं भराभर पळतात आणि पुढे परत सावरते. बोटांवर मोजून बघा, संस्कृत येत नसलं तरी हे जमतं. मग अनुवादकाने ही चाल ठेवली की सोडली, सोडली तर त्या बदल्यात काय मिळवलं, हे कानालाच कळतं आणि तुमचा प्रश्न आपोआप तयार होतो.

वेळेचं म्हणाल तर पत्रिकेवर साडेपाच असेल तर दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि पाहुण्यांचा लांबलचक परिचय धरून वक्ता माईकवर यायला सहा-सव्वासहा होतात. पण म्हणून उशिरा जाऊ नका, पुढच्या रांगा राखीव असतात त्यामुळे चौथी-पाचवी मिळवा, मागे बसलात तर निम्मं ऐकू येत नाही आणि बाजूच्यांच्या गप्पा मात्र सगळ्या ऐकू येतात.

प्रश्न विचारताना "मला असं वाटतं की" करून स्वतःचंच भाषण सुरू करू नका बाप्पा, असे दोघं-तिघं दर वेळी असतातच. ओळ वाचून दाखवा, प्रश्न विचारा, बसा. माईक मिळालाच नाही तर आभारप्रदर्शनानंतर चहाजवळ गाठा, वक्ते तिथे जास्त मोकळं बोलतात. यावर पुढे काय वाचू, एवढं विचारलं तरी दोन-तीन नावं मिळतात, ती तिथेच लिहून घ्या.

आणि कालिदास संस्कृत विद्यापीठाच्या कार्यक्रमाला रामटेकला जाणार असाल तर परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ आधीच विचारून ठेवा, अध्यक्षीय भाषण किती लांबेल याचा भरवसा नाही.