'एकरूपता' हा शब्द कोठे आणि कसा वापरावा

अनेक वस्तू, नोंदी किंवा कृती एकाच साच्याने किंवा एकाच नियमाने चालत असतील, तर त्यांच्यातील त्या गुणाला 'एकरूपता' म्हणतात. म्हणून हा शब्द लिहिण्यापूर्वी आपण अनेक गोष्टींची परस्परांशी तुलना करत आहोत की एकाच गोष्टीविषयी बोलत आहोत, हे ठरवावे. सर्व अर्जांचे नमुने सारखे असतील तर त्यांच्यात एकरूपता आहे. पण पत्र्याची जाडी सगळीकडे सारखी असेल किंवा वाहन समान कालावधीत समान अंतर कापत असेल, तर 'एकसमान जाडी', 'एकसमान गती' असे लिहावे.

सर्वाधिक गोंधळ 'समानता' या शब्दाशी होतो. समानतेत दर्जा व हक्क यांचा विचार असतो, आणि भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 14 ते 18 मधील हक्काला आपण समानतेचा हक्क म्हणतो तो याच अर्थाने. एकरूपतेत केवळ रूपाचा किंवा पद्धतीचा सारखेपणा असतो, त्यामुळे 'स्त्री-पुरुष एकरूपता' हा प्रयोग चुकीचा ठरेल. उलट 'समान नागरी कायदा' या रूढ नावात 'समान' म्हणजे 'सर्वांना एकच' असा अर्थ आहे; तेथे रूढीचा मान राखावा, शब्द बदलत बसू नये. मते जुळली तर 'एकवाक्यता' आणि लेखनातील मुद्दे एका धाग्यात गुंफलेले असतील तर 'एकसूत्रता' म्हणावे. सारखेपणा कंटाळवाणा झाला असेल, तर त्याला 'एकसुरीपणा' हाच नेमका शब्द आहे.

भूमितीत मात्र ही मोकळीक नाही. तेथे एकरूप त्रिकोण आकाराने व मापाने तंतोतंत जुळतात, तर समरूप त्रिकोणांचे कोन समान आणि बाजू प्रमाणात असतात. हिंदीत पहिल्या संकल्पनेला 'सर्वांगसम' म्हणतात, म्हणून हिंदी मजकुरावरून मराठी लिहिताना विशेष सावध राहावे.

वाक्यरचनेत 'एकरूपता' हे नाम असणे, येणे, आणणे, राखणे, साधणे या क्रियापदांबरोबर शोभते. 'एकरूपता करणे' कानाला खटकते. महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये प्रमाणीकृत देवनागरी वर्णमालेविषयी निर्णय काढला. त्याबद्दल 'अक्षरांच्या वळणात एकरूपता यावी म्हणून' असे सहज लिहिता येते. 'एकरूप होणे' ही क्रिया मात्र वेगळ्या वाटेने जाते, कारण भक्त विठ्ठलाशी एकरूप झाला असे आपण म्हणतो तेव्हा विलीन होणे अभिप्रेत असते. त्यामुळे 'सर्व शाखा एकरूप झाल्या' हे वाक्य वाचून शाखांचे विलीनीकरण झाले असा समज होऊ शकतो. 'सर्व शाखांच्या कामकाजात एकरूपता आली' असे लिहिल्यास ती शंका उरत नाही.

व्याकरणाच्या दृष्टीने '-ता' प्रत्ययामुळे हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि त्याचे सामान्यरूप 'एकरूपते-' असे होते: एकरूपतेचा, एकरूपतेने, एकरूपतेमुळे. 'एकरूपत्व' नपुंसकलिंगी, तर 'एकसारखेपणा' पुल्लिंगी आहे, म्हणून शब्द बदलताना विशेषण व क्रियापदही तपासावे. 'रूप' हा तत्सम शब्द असल्याने विभक्ती लागल्यावरही 'रू' दीर्घच राहतो. 'एकरुपता' हे लेखन अशुद्ध आहे, जरी ते फलकांवर वारंवार दिसत असले तरी.