७.१६ मेगाहर्ट्‌झवर एमएसएक्सच्या पडद्यावरील अक्षरे तुटत असतील तर

माझ्या एमएसएक्स-१ या १९८० च्या दशकातील घरगुती संगणकाचा वेग ३.५८ वरून ७.१६ मेगाहर्ट्‌झ केल्यापासून स्क्रीन २ (चित्र पद्धत) मधील चित्रात मधले बाइट गळत होते आणि अक्षरांना भोके पडत होती. स्क्रीन ० (मजकूर पद्धत) मात्र निर्दोष होता. आधी ८ मेगाहर्ट्‌झचा झेड-८० प्रोसेसर बसवला, मग रॅम बदलली, पण फरक पडला नाही. तीन आठवडे त्यात गेल्याचे वाईट वाटते.

उलगडा झाला तो पडदा बंद ठेवून चित्र भरल्यावर, कारण तेव्हा ते अचूक उमटले. टीएमएस-९९१८ या चित्रचिपला पडदा चालू असताना स्क्रीन १ व २ मध्ये दोन बाइटांत ८ मायक्रोसेकंदांपर्यंत अंतर लागते, मजकूर पद्धतीत सुमारे ३.१ पुरतात. बाइट पाठवणारी आउटआय ही आज्ञा (१८ घड्याळ-चक्रे) आणि लूपच्या सुरुवातीला परत नेणारी जेपी एनझेड (११) मिळून होणारी २९ चक्रे मूळ वेगाला ८.१ मायक्रोसेकंद घेतात, दुप्पट वेगाला जेमतेम ४.

उपाय असा: चित्रचिपच्या पोर्ट ९८ (हेक्स) वर लिहिणारे लूप शोधावे, आउटआय आणि जेपी एनझेड यांच्यामध्ये सहा नॉप, म्हणजे काहीच न करणाऱ्या आज्ञा, घालावेत (प्रत्येकी ५ चक्रे, मोजणी संपल्याची खूण ठेवणाऱ्या फ्लॅगला नॉप हात लावत नसल्याने लूपची मोजणी बिघडत नाही), आणि प्रोग्रॅम पुन्हा असेंबल करावा. एकूण ५९ चक्रे, म्हणजे ८.२ मायक्रोसेकंद होतात. सगळे बाइट एकाच आज्ञेने पाठवणारी ओटीआयआर असल्यास तिच्या जागी हेच लूप लिहावे. कार्ट्रिजवरील खेळांत हे करता येत नाही. त्यांच्यासाठी मी मूळ वेगाचा स्विच ठेवला आहे.