टर्बो उतरवण्याआधी

आयटीआयचा मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा कोर्स करून कुर्ला-साकीनाक्याच्या गॅरेजात नुकत्याच लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. टर्बोची गरम हवा गार करणारा इंटरकूलर कुठे असतो, काळा धूर हवा कमी पडल्याचा आणि निळा तेल जळल्याचा, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

गिऱ्हाईक सांगतं, गाडी ओढत नाही. स्कॅनर लावला की पी०२९९ निघतो आणि उस्ताद हात पुसत म्हणतो, "टर्बो गया." कोड असं म्हणतच नाही. ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरने, टर्बोकडून हवेचा जेवढा दाब मागितला तेवढा मिळाला नाही, एवढंच त्याचं म्हणणं. का मिळाला नाही, ते आपण शोधायचं.

मी स्वतः ज्यात सगळ्यात जास्त अडकलो ते आता सांगतो, जरा लांबेल. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये. एकाने रेस द्यायची, दुसऱ्याने बॉनेटखाली कान लावायचा. शिट्टी येते, फुसफुस ऐकू येत नाही, म्हणजे हवेचे रबरी होस चांगले, म्हणजे टर्बोच खराब. अर्ध्या मुंबईत टर्बो असेच उतरतात. पण उभ्या गाडीवर टर्बोची परीक्षा होतच नाही. तो फिरतो एक्झॉस्टच्या गॅसवर. लोड नसला की इंजिन तीन हजार आरपीएमलासुद्धा जेमतेम डिझेल जाळतं, गॅसमध्ये जोर नसतो, बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, नावापुरता चढतो. होसला चीर असली तरी तेवढ्या दाबाला ती मिटलेलीच राहते. उघडते ती पूर्ण लोडवर, नेमकी आपण तिथे कान लावू शकत नाही तेव्हा.

म्हणून गाडी रस्त्यावर काढा. तिसरा गिअर, अठराशे आरपीएमच्या आसपासपासून पाय पूर्ण खाली, आणि बाजूला बसलेल्याने स्कॅनरवर लाइव्ह डेटा रेकॉर्ड करायचा. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही, म्हणजे नाही. संध्याकाळी एलबीएस मार्गावर हे जमणार नाही, तिसरा पडायच्या आत सिग्नल येतो. पहाटे घोडबंदर रोडला गायमुखची चढण गाठा. गिऱ्हाईक तयार असेल तर सरळ बोरघाट.

त्याआधी किल्ली ऑन, इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर, वाचा. मुंबई समुद्रसपाटीला आहे, तेव्हा साधारण १०० किलोपास्कल दिसायला हवेत. ८० दिसत असतील तर सेन्सरच खोटं बोलतोय, आधी त्याची काजळी काढा. हा आकडा वातावरणाचा दाब धरून असतो. २२० दिसले म्हणजे खरा बूस्ट १२०. आता चढावरचं रेकॉर्डिंग उघडा. मागणी २२० आणि मिळतात १५०, तर गळती, टर्बोचा दाब कमीजास्त करणारा ॲक्च्युएटर किंवा टर्बोतल्या चिकटलेल्या पात्या, म्हणजे वेन्स. पण मागणीच १३० ची असेल तर ईसीयूने हात आखडता घेतलाय, गाडी लिम्प मोडमध्ये आहे. ईजीआर (एक्झॉस्टचा गॅस परत आत सोडणारा व्हॉल्व्ह), एअर मास सेन्सर, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) बघा. टर्बोला हात लावू नका.

गळती शोधायची तर एअर फिल्टरकडचं तोंड बंद करून रेग्युलेटरने अर्ध्या बारच्या आसपास हवा भरा आणि साबणाचं पाणी मारा. इंटरकूलरच्या होसची खालची बाजू, जिथे हात जात नाही, तिथेच बुडबुडे येतात. ॲक्च्युएटरकडे जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी बोटाने चाचपत शेवटपर्यंत जा. सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर तीच कुरतडतात. मग हातपंप लावून ॲक्च्युएटरचा रॉड न अडकता सरकतो का आणि व्हॅक्यूम टिकतो का, ते बघा. मात्र आधी टर्बो कुठला आहे ते ओळखा. फियाटचं तेच १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन ७५ पीएसमध्ये साध्या टर्बोचं आणि ९० पीएसमध्ये व्हीजीटीचं, म्हणजे हलत्या वेन्सच्या टर्बोचं. स्विफ्टवर शिकलेलं जुन्या डिझेल एर्टिगावर जसंच्या तसं चालत नाही.

होस काढल्यावर आत तेलाचा पातळ थर दिसला की घाबरू नका, इंजिनाची वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरमधून तेवढं येतंच. शाफ्ट बाजूला किंचित हलतो, तेही चालतं. पुढेमागे हललेला हाताला जाणवला, किंवा पंखा हाउसिंगला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर मात्र टर्बो संपला.

आणि इथेच खरी भीती. जुना कशाने मेला ते न शोधता नवा बसवलात तर तोही जाणार. तेलाची फीड पाइप काजळीने भरली असेल, रिटर्न पाइप दबली असेल, कुणीतरी सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉनचा तुकडा आत अडकला असेल. फीड पाइप धुऊन वापरू नका, नवीच घाला. इंटरकूलरमधलं तेल पूर्ण काढा, नाहीतर इंजिन तेच तेल पिऊन सुसाट सुटतं आणि किल्लीने बंद होत नाही. तसं झालंच तर इंजिनापासून लांब व्हा. मॅन्युअल गाडीत बसलेल्याने ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. हवेच्या तोंडावर हात कधीच ठेवायचा नाही. वाचून पोटात गोळा आला असेल, पण इंटरकूलर नीट रिकामा केलेल्या गाडीवर ही वेळ सहसा येत नाही.

सीएसटी रोडवरचा जुना टर्बो मी घेत नाही. स्वस्त आहे, पण त्याचं तेल कुणी कधी बदललं ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. डीपीएफ कापून देणाऱ्यांकडे तर शिकायलाही जाऊ नका. आणि "क्यों" विचारलं की पाना फेकणारा उस्ताद असेल तर सहा महिने त्याचे हात बघून घ्या आणि दुसरं गॅरेज धरा.

राहिला पैशाचा प्रश्न. दोनशे रुपयांच्या नळीवर काम भागलं की गिऱ्हाईक मजुरी द्यायला कुरकुरतं, आणि टर्बो बदलणारा शेजारचा मजेत असतो. म्हणून गाडी आत घ्यायच्या आधीच टेस्टिंगचे वेगळे पैसे ठरवा, बिलात त्याची वेगळी ओळ घाला आणि चढावरचा ग्राफ गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पाठवून द्या.