हॉटेल आणि पर्यटन व्यवसायासाठी इंग्रजी: सातारा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी तयारी कशी करावी

सातारा जिल्ह्यातून हॉटेल किंवा पर्यटन व्यवसायात जाऊ पाहणारे अनेक विद्यार्थी इंग्रजीची तयारी व्याकरणाच्या पुस्तकापासून सुरू करतात आणि काळांच्या प्रकारांपाशीच थकतात. त्याऐवजी आपल्याला इंग्रजी नेमके कोठे लागणार आहे, हे आधी पाहावे. महाबळेश्वर-पाचगणीला हंगामात येणारा मोठा वर्ग मुंबई-पुण्याचा आणि गुजरातचा असतो; त्याच्याशी मराठीत किंवा हिंदीत बोलून काम उत्तम चालते आणि तेथे ओढूनताणून इंग्रजी बोलणारा कर्मचारी पाहुण्याला उगाच परका वाटतो. इंग्रजी लागते ते आरक्षणाच्या ई-मेलमध्ये, संगणकावरील नोंदीत, पाळी बदलताना पुढच्या माणसासाठी लिहून ठेवायच्या लॉगबुकात, दक्षिणेकडील किंवा परदेशी पाहुण्यांशी बोलताना, आणि पुढे गोवा, मुंबई, आखाती देश किंवा प्रवासी जहाजावरच्या नोकरीच्या मुलाखतीत. हॉटेल मॅनेजमेंटच्या राष्ट्रीय संयुक्त प्रवेश परीक्षेसाठी बारावीला इंग्रजी विषय असावा लागतो आणि परीक्षेतही इंग्रजीचा विभाग असतो. परंतु त्या तयारीची पुस्तके बाजारात पुष्कळ आहेत, म्हणून येथे प्रत्यक्ष कामावरच्या इंग्रजीविषयीच लिहितो.

सुरुवात आकड्यांपासून करावी. मराठीत आपण एकक आधी आणि दशक नंतर उच्चारतो: बेचाळीस म्हणताना दोन आधी येतात, चाळीस मागून. इंग्रजीत हा क्रम उलटा आहे, त्यामुळे ‘फॉर्टी-टू’ ऐकून घाईत २४ लिहिले जाते, आणि हा गोंधळ हुशार मुलांचाही होतो. उपाय साधा आहे. घरातल्या कोणाला तरी इंग्रजीत आकडे वाचायला सांगावे आणि मनात मराठी आकडा न आणता थेट अंक लिहावेत. रोज पन्नास आकडे, पंधरा दिवस. खोलीचा क्रमांक बोलताना अंक सुटे उच्चारावेत, म्हणजे २१४ हा ‘टू वन फोर’. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत शंका आली, तर ‘वन फाइव्ह, ऑर फाइव्ह झिरो?’ असे विचारून घेण्यात कोणताही कमीपणा नाही.

वेळेच्या बाबतीत मी स्वतः फजिती करून घेतली आहे. महाबळेश्वरच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर नवा असताना दिवाळीच्या गर्दीत एका पाहुण्याने फोनवरून ‘क्वार्टर टु सिक्स’ला उठवायला सांगितले. मला ‘क्वार्टर’ आणि ‘सिक्स’ एवढेच नीट ऐकू आले आणि मी वहीत सव्वासहा लिहिले. त्यांना मुलांना घेऊन विल्सन पॉइंटवर सूर्योदय पाहायचा होता. ते गाडीत बसेपर्यंत समोरच्या झाडांवर ऊन आले होते. तेव्हापासून ‘क्वार्टर टु’ म्हणजे पावणे आणि ‘क्वार्टर पास्ट’ म्हणजे सव्वा, ही जोडी मी प्रत्येक नव्या मुलाकडून पहिल्याच दिवशी घोटून घेतो. ब्रिटिश पाहुणा ‘हाफ सेव्हन’ म्हणाला, तर ते आपले साडेसात समजावे. आणि सांगितलेली वेळ ‘फाइव्ह फॉर्टी-फाइव्ह, सर?’ अशी अंकांत फिरवून म्हणून दाखवावी.

आकड्यांनंतर अक्षरे. नाव फोनवर घेताना बी, डी, पी, टी ही अक्षरे एकसारखी ऐकू येतात, म्हणून ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा’ ही दर अक्षराला एक शब्द देणारी सव्वीस शब्दांची मालिका पाठ करावी. तिचा सराव साताऱ्याच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहतानाही होतो: समोर मेढ्याची पाटी दिसली की ‘माइक, एको, डेल्टा, हॉटेल, अल्फा’. परदेशी पाहुणा उतरला की त्याची माहिती चोवीस तासांच्या आत परदेशी नागरिकांच्या नोंदीच्या सरकारी फॉर्ममध्ये (हॉटेलवाले त्याला सी-फॉर्म म्हणत आले आहेत) भरावी लागते, आणि पासपोर्ट-व्हिसाच्या क्रमांकात अक्षरे व अंक मिसळलेले असतात. तेथे ओ आणि शून्य यांची अदलाबदल झाली, तर दुरुस्तीसाठी पाहुण्याला पुन्हा गाठावे लागते.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि शिकवणीच्या वर्गांत त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मराठीत आदर क्रियापदातच असतो. ‘बसा’, ‘सांगा’, ‘थांबा जरा’ यांत वेगळा आदरार्थी शब्द घालावा लागत नाही, कारण ‘बस’ आणि ‘बसा’ यांतील काना ते काम करतो. इंग्रजी क्रियापदाला असा काना नाही. त्यामुळे मनातल्या मनात भाषांतर करून बोलणारा, स्वभावाने अतिशय नम्र असलेला मुलगा ‘सिट’, ‘टेल मी’, ‘वेट’ म्हणतो आणि पाहुण्याच्या कानावर हुकूम पडतो. इंग्रजीत नम्रता वाक्याच्या साच्यात असते. ‘वुड यू लाइक टु…’, ‘मे आय…’, ‘कुड आय हॅव…’ हे तीन साचे आधी तोंडात बसवावेत आणि कामाची प्रत्येक गोष्ट त्यांत घालून पाहावी. ‘काय घेणार?’ याचे ‘व्हॉट यू वाँट?’ करू नये. ‘व्हॉट वुड यू लाइक टु हॅव?’ म्हणावे. ‘तुमचे ओळखपत्र द्या’ याऐवजी ‘मे आय सी युअर आयडी, प्लीज?’ असे विचारावे. ‘वुड यू माइंड वेटिंग फॉर फाइव्ह मिनिट्स?’ या प्रश्नाला पाहुणा ‘नो’ म्हणाला की मुले गडबडतात. पण हे आपल्या ‘हरकत नाही ना?’ सारखेच आहे, तेथेही ‘नाही’ म्हणजे होकारच असतो.

नकार देणे हे त्याहून अवघड आहे. खोली शिल्लक नसताना ‘नो रूम’ म्हणणे खरे असले, तरी पाहुणा तेथेच दुखावतो. ‘आय अ‍ॅम अफ्रेड वुई आर फुली बुक्ड टुनाइट’ असे म्हणावे. येथे ‘अफ्रेड’चा भीतीशी काहीही संबंध नाही, ते आपले ‘काय करणार हो’ आहे. त्यापाठोपाठ ‘बट’ म्हणून दुसरा पर्याय द्यावा, उद्याची खोली किंवा जवळचे दुसरे हॉटेल. आपले ‘बघतो’ इंग्रजीत ‘आय विल सी’ म्हणून नेऊ नये, कारण ऐकणाऱ्याला ती टाळाटाळ वाटते. ‘आय विल सेंड समवन इन टेन मिनिट्स’ असे म्हणावे आणि दहा मिनिटांत माणूस पाठवावा.

तक्रारींचे शब्द पाहुण्यांनी संकेतस्थळांवर लिहिलेल्या अभिप्रायांतून जमवावेत. तेथे एक आणि दोन तारे देणारे पाहुणे पाच तारे देणाऱ्यांपेक्षा अधिक शिकवतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा चादर ओलसर असणे म्हणजे ‘डॅम्प’, खोलीला कुबट वास येणे म्हणजे ‘मस्टी’, भिंतीवरची बुरशी म्हणजे ‘मोल्ड’ आणि कोमट पाणी म्हणजे ‘ल्यूकवॉर्म’, हे शब्द येथील हाउसकीपिंगच्या माणसाला यायलाच हवेत. रिसेप्शनवरच्याला ‘ट्विन’ आणि ‘डबल’ यांतील फरक ठाऊक असावा, कारण ट्विन खोलीत दोन सुटे पलंग असतात. तसेच खोलीच्या दरांत सीपी म्हणजे नाश्त्यासह, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, तर एपी म्हणजे तिन्ही, हेही. वाढप्याने ‘आर यू अ‍ॅलर्जिक टु एनीथिंग?’ हा प्रश्न विसरू नये. आपल्या भाज्यांत शेंगदाण्याचे कूट असते आणि काही लोकांच्या ते जिवावर बेतू शकते. त्यासाठी ‘पीनट’ हा एक शब्द शंभर विशेषणांपेक्षा मोलाचा आहे.

उच्चारांचा फार बाऊ करू नये, आपला मराठी सूर राहिला तरी चालतो. मात्र ‘व्ह’ आणि ‘व’ वेगळे ठेवावेत. ‘वाइन’ म्हणताना ओठ गोल होतात, ‘व्ह्यू’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात. आरशासमोर आठवडाभर पाहिले की जमते.

ज्यांना गाइड व्हायचे आहे, त्यांची अडचण वेगळी आहे. त्यांना माहिती पुष्कळ असते आणि ती पाठ केलेल्या लांबलचक वाक्यांत बाहेर पडते. प्रतापगडावर उभे राहून १६५९ हे साल ‘सिक्स्टीन फिफ्टी-नाइन’ असे म्हणता येणे ही पहिली पायरी. पण परदेशी माणसाला अफझलखान कोण आणि विजापूर कोठे, हेच ठाऊक नसते, म्हणून भेटीचा प्रसंग सांगण्याआधी दोन छोट्या वाक्यांत आदिलशाहीची ओळख करून द्यावी. हा गड २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा बुरुजाला ‘बॅस्टियन’ आणि तटाला ‘रॅम्पार्ट’ हे शब्द आता लागतीलच. काही शब्द मात्र तसेच ठेवून समजावून सांगावेत. आपण वाईच्या कृष्णेकाठच्या पायऱ्यांनाही घाट म्हणतो आणि पाचगणीला चढणाऱ्या पसरणीच्या रस्त्यालाही घाट म्हणतो. पाहुण्याला हा एकच शब्द दोनदा ऐकवला, तर तो डोंगरात नदी शोधू लागेल. पहिल्यासाठी ‘स्टोन स्टेप्स गोइंग डाउन टु द रिव्हर’ आणि दुसऱ्यासाठी ‘माउंटन रोड’ म्हणावे. कासच्या पठारावर ‘व्हेरी ब्यूटिफुल फ्लॉवर्स’ असे दहादा म्हणण्यापेक्षा टोपली कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते, हे ‘इट फ्लॉवर्स ओन्ली वन्स इन सेव्हन इयर्स’ एवढ्या एका वाक्यात सांगावे. पाहुणे आपोआप खाली वाकून पाहतात.

मुलाखतीत गावाविषयी हमखास विचारतात. ‘माय नेटिव्ह प्लेस इज सातारा, इट इज अ हिस्टॉरिकल प्लेस’ हे उत्तर समोरच्या माणसाने त्याच दिवशी अनेकदा ऐकलेले असते. त्याऐवजी कंदी पेढा कसा होतो ते सांगावे: दूध आटवून खवा केला जातो, तो साखर घालून परततात आणि त्यात वेलदोडा घालतात. ‘मिल्क इज बॉइल्ड डाउन’ येथून सुरुवात करून पाच वाक्ये जुळवावीत, मोबाइलवर स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावीत, आणि कधीही पेढा न खाल्लेल्या माणसाला त्यावरून पेढ्याची कल्पना येईल का, हे दुसऱ्या दिवशी ऐकून ठरवावे.