मोठी मूळ संख्या तपासताय? या चुका टाळा

भुसावळला क्लासमधला एक पोरगा परवा लॅपटॉप उघडून समोर उभा. “सर, तुम्ही चुकले. ही मूळ संख्या कशी? शेवटी चार शून्यं आहेत ना!”

फळ्यावर मी २ चा ६१ वा घात वजा १ लिहिलं होतं. त्याने ते एक्सेलमध्ये टाकलं, आलं २३०५८४३००९२१३६९००००. खरी संख्या आहे २३०५८४३००९२१३६९३९५१, आणि ती मूळच आहे. एक्सेल पहिले १५ अंक दाखवतं, पुढे शून्यं भरतं. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत पूर्णांक अख्खा मिळतो, पण तिथेही एका तिरक्या रेघेने भागलं की दशांश येतो आणि शेवटचे अंक गेले. भाग जातो का हे पाहायचं तर टक्क्याच्या चिन्हाने बाकी काढा.

दुसरी चूक फार जुनी: २ च्या घातातून १ वजा करताना घातांक मूळ, म्हणजे उत्तरही मूळ. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते निघतं २३ × ८९. अशा संख्यांना ज्याच्यावरून मर्सेन संख्या म्हणतात, त्या फ्रेंच गणिती मर्सेनच्या १६४४ च्या मूळ संख्यांच्या यादीतही घातांक ६७ चुकून बसला होता. ती संख्या संयुक्त आहे हे गणिती ल्यूकाने १८७६ मध्ये सिद्ध केलं, पण अवयव कुणालाच माहीत नव्हते. ते गणिती कोलने १९०३ मध्ये दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. म्हणून “मूळ नाही म्हणता, तर भाग कशाने जातो ते दाखवा” हा हट्ट इथे चालत नाही.

पहिल्या काही मूळ संख्यांचा गुणाकार अधिक १ हीसुद्धा मूळच, असंही बरेच जण धरून चालतात. १३ पर्यंत गुणून १ मिळवा, ३००३१ येतात. ५९ × ५०९.

फर्माच्या कसोटीवर (संख्येपेक्षा १ ने लहान घातांक घेऊन पायाचा घात काढा, संख्येने भागा, बाकी १ आली की पास) तर आंधळा विश्वास नकोच. ३४१ ही २ च्या पायाने कसोटी पास होते, आणि आहे ११ × ३१. बामणोदचं भरताचं वांगं बाहेरून कितीही तुकतुकीत असो, आतली कीड सोलल्यावरच दिसते.

मर्सेन संख्येसाठी ल्यूका-लेमर पद्धत धरा. ४ पासून सुरुवात, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्या, आणि त्या बाकीवर पुन्हा तेच. ३१ साठी (घातांक ५): १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी ०. शून्य आलं, संख्या मूळ. ६१ च्या घातांकाला अशा ५९ पायऱ्या पुरतात. एकेक भागाकार करत बसलात तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे जवळपास १५२ कोटींपर्यंत जावं लागेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्याही शेवटी याच पद्धतीने पक्की केली गेली.

पोरं इथे दोनदा अडकतात. बाकी प्रत्येक पायरीला न घेता शेवटासाठी ठेवतात, मग संख्या फुगून लॅपटॉप गपगार. नाहीतर पायऱ्या मोजायला चुकतात. घातांकातून २ वजा, तेवढ्याच पायऱ्या. ३१ ला एक जास्त झाली की शून्यानंतर वजा २, म्हणजे बाकी २९, आणि चांगली मूळ संख्या नापास. लॅपटॉपवाल्या पोराने पुढच्याच दिवशी नेमकं हेच करून आणलं.