अख्खा अल्बम गिटारवर बसवायचा तर

पहिला अल्बम निवडताना आवडीइतकंच घड्याळाकडे आणि ट्यूनिंगकडे (तारा कोणत्या सुरांना लावल्यात तिकडे) बघा. एलपीच्या, म्हणजे मोठ्या रेकॉर्डच्या, एका बाजूला साधारण २२ मिनिटंच नीट मावायची, म्हणून जुने अल्बम बहुतेक ४५ मिनिटांच्या आत संपतात. सीडी आल्यावर ही लांबी ७० मिनिटांपर्यंत गेली. सुरुवातीला ८ ते १० गाण्यांचा, शक्यतो एकाच ट्यूनिंगमधला अल्बम घ्या. एसी/डीसी या बँडचा १९८० चा ‘बॅक इन ब्लॅक’ त्यासाठी उत्तम आहे: १० गाणी, सुमारे ४२ मिनिटं, सगळी स्टँडर्ड, म्हणजे नेहमीच्या, ट्यूनिंगमध्ये. याउलट मेटॅलिकाच्या १९९१ च्या काळ्या कव्हरच्या अल्बममध्ये १२ पैकी बहुतेक गाणी स्टँडर्डमध्ये आहेत, पण एक पूर्ण स्वर खाली आणि एक अर्धा स्वर खाली. दुसरी गिटार जवळ नसेल तर मध्येच सहाही तारा उतरवून परत चढवाव्या लागतात, आणि नुकत्याच चढवलेल्या तारा पुढची काही मिनिटं सूर सोडतात. असा अल्बम दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला घ्यावा. इंडियन ओशनच्या २००० सालच्या ‘कंडिसा’त सात लांब रचना आहेत. बँडमध्ये गिटार एकच, त्यामुळे कोण काय वाजवतंय हे वेगळं काढावं लागत नाही. कस लागतो तो लयीचा.

अल्बम ठरला की आठवडाभर गिटार न घेता ऐका. वहीचं एक पान एका गाण्याला द्या. त्यावर लांबी, मूळ स्वर, कॅपो (सूर चढवायला मानेवर लावायचा चिमटा), ट्यूनिंग, बीपीएम (मिनिटाला किती मात्रा) आणि रचना लिहा: सुरुवातीचा तुकडा किती बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचं एक आवर्तन), मुखडा किती, अंतरा किती, सोलो किती. मग मोजा की त्यात *नवीन* बार किती. १२० बीपीएमला चार मात्रांचा एक बार दोन सेकंदांचा, म्हणजे चार मिनिटांच्या गाण्यात १२० बार. पण सुरुवात ४, अंतरा ८, मुखडा ८, मधला तुकडा ८ आणि सोलो १६ असेल, तर शिकायचे बार ४४ च. बाकी सगळी पुनरावृत्ती. हा हिशेब केल्याशिवाय महिन्यांचा अंदाज बांधू नका. रोज ४५ मिनिटं देणाऱ्या, बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून धरायची कॉर्ड) येणाऱ्या माणसाला दहा गाण्यांना चार-पाच महिने धरावेत.

सूर आधी रेकॉर्डिंगशी जुळवा, ट्यूनरशी नंतर. जुन्या टेपचा वेग किंचित कमी-जास्त असल्याने काही गाणी ४४० हर्ट्झच्या (ट्यूनर धरतो त्या ए स्वराच्या) थोडी वर किंवा खाली बसतात, आणि यूट्यूबवरच्या काही अपलोडमध्ये सूर मुद्दाम सरकवलेला असतो. ट्यूनर बरोबर दाखवतोय तरी गाण्याबरोबर वाजवताना आंबट लागतंय, असं झालं की कारण बहुधा हेच. सगळ्या तारा सारख्याच प्रमाणात हलवा आणि ते आकडे त्या गाण्याच्या पानावर लिहून ठेवा. शक्य असेल तर अधिकृत अल्बमवरूनच शिका.

गाणी कोणत्या क्रमाने घ्यायची

अल्बमच्या क्रमाने कधीच नाही. सगळ्यात अवघड गाणं पहिल्या दिवशी सुरू करा आणि ते शेवटपर्यंत रोज दहा मिनिटं चालू ठेवा. अवघड गाणं शेवटी ठेवलं की नऊ गाणी होतात आणि अल्बम तिथेच अडतो. बहुतेकांचे अल्बम इथेच सुटतात. उरलेल्या वेळाची वाटणी अशी: २० मिनिटं चालू गाणं, १० मिनिटं आधी बसलेली गाणी, ५ मिनिटं जोड, म्हणजे एका गाण्यातून दुसऱ्यात जायची जागा. जोडांबद्दल पुढे लिहिलंय.

गाण्यात दोन गिटार असतील तर एकाच कानाला इअरफोन लावून ऐका, मग दुसऱ्या. रॉकच्या बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये दोन गिटार डाव्या-उजव्या बाजूला वाटलेल्या असतात. ‘बॅक इन ब्लॅक’मध्येही बँडचे दोन गिटारवादक माल्कम आणि अँगस यंग असे वेगळे ऐकू येतात. आधी रिदमचा (गाण्याला साथ देणाऱ्या कॉर्डचा) भाग पूर्ण बसवा. माल्कमचं वाजवणं कानाला सोपं वाटतं, पण कॉर्डनंतर तारा नेमक्या कुठे दाबून गप्प करायच्या यातच त्याचं सगळं आहे. ती शांतता चुकली की कॉर्ड बरोबर असूनही गाणं ढिलं पडतं.

टॅबवर (कोणती तार कुठे दाबायची हे आकड्यांत लिहिलेल्या कागदावर) आंधळा विश्वास ठेवू नका. स्वर बरोबर असतो, जागा चुकलेली असते. ए हा स्वर पाचव्या मोकळ्या तारेवर मिळतो आणि सहाव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरही (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या). मोकळी तार खणखणीत वाजते, दाबलेली जाड आणि गोल. शंका आली की दोन्हीकडे वाजवून रेकॉर्डिंगशी ताडून बघा. पुढच्या स्वरासाठी हात लांब उडी मारत असेल तर जागा चुकली असण्याचीच शक्यता जास्त.

अवघड तुकडा दोन-दोन बारचा करा आणि पुढच्या बारचा पहिला स्वर त्यात धरा, नाहीतर तुकडे पाठ होतात आणि सांधे तुटतात. मूळ वेग १२० असेल तर ७२ वर सुरू करा, सलग तीनदा स्वच्छ आलं की ४ वाढवा. चूक झाली की ८ मागे या. शेवटी १२६ वर आणून ठेवा, म्हणजे १२० ला हात सैल राहतो. वेग वाढवताना पिकची (तारा छेडायच्या चकतीची) दिशा बदलत नाही ना, हे बघा. संथ वेगात सगळं वरून खाली मारता येतं, पूर्ण वेगात मनगट अडकतं आणि तुकडा पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागतो.

सोलापुरात गिटार सांभाळताना

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि हवा कोरडी असते. अकूस्टिक गिटारचं लाकूड सुकलं की वरची फळी किंचित बसते, तारा फ्रेटजवळ येतात आणि झणझण सुरू होते. मानेच्या कडेला फ्रेटची टोकं बोटांना टोचतात. झणझण ऐकून लगेच ट्रस रॉड (मानेचा बाक बदलणारी आतली सळई) फिरवू नका, आधी ओलावा द्या. साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा, डबी केसमध्ये ठेवा आणि दर दोन दिवसांनी बघा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली की पुरे. दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक ते दाखवतो. कूलरच्या झोतात गिटार उभी करू नका. दिवसा कोरडी आणि रात्री दमट, अशा हेलकाव्यांनी लाकूड जास्त खराब होतं. उन्हात लावलेल्या गाडीत तर पाच मिनिटंही नको: ब्रिजचा (तारा अडकवायच्या पट्टीचा) गोंद मऊ होऊन ब्रिज उचकटतो. सातरस्त्याहून होटगी रोडपर्यंत दुपारी न्यायचीच असेल तर बॅगेभोवती सोलापुरी चादर दुहेरी गुंडाळा आणि पोचल्यावर बॅग अर्धा तास बंदच ठेवा.

घामाने तारा लवकर गंजतात, म्हणून वाजवून झालं की कोरड्या कापडाने वरून-खालून पुसा. सलग वाजवण्याच्या तीन-चार दिवस आधी नव्या तारा चढवा. इलेक्ट्रिकला १०–४६ (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी), अकूस्टिकला ११–५२ चा संच चाळीस मिनिटं झेपतो. १२–५३ चा आवाज भरदार, पण बार कॉर्डनी भरलेल्या अल्बममध्ये हात लवकर दमतो. शहराच्या पूर्व भागात कापडाच्या मागांच्या खटखटीत मेट्रोनोम (ठोके देणारं लयीचं यंत्र) ऐकू येत नाही आणि हात नकळत मागाची लय धरतो. तिथे इअरफोनवर क्लिक घ्या किंवा माग बंद असतील ती वेळ साधा.

जोड आणि दम

गाणी बसली तरी अल्बम बसलेला नसतो. एका गाण्याची शेवटची २० सेकंदं आणि पुढच्याची पहिली २० सेकंदं, एवढाच तुकडा रोज वाजवा. याच जागी वेग चुकतो: जलद गाण्यानंतर संथ गाणं हमखास पळतं. पुढच्या गाण्याची पहिली ओळ मनात गुणगुणून मग सुरू करा. कॅपो काढायचा-लावायचा असेल तर तेही जोडातच धरा, आणि लावल्यावर तिसरी तार तपासा, ती बहुधा चढते. अल्बममधली शांतता चार सेकंदांची असेल तर तुमचा बदल तेवढ्यात झाला पाहिजे. नसेल होत तर मोकळ्या तारेवर एक स्वर वाजत ठेवा.

बोटांचा दम हळूहळू वाढवा. पहिल्या महिन्यात दोन गाणी सलग, मग चार, मग अर्धा अल्बम. पूर्ण अल्बम आठवड्यातून एकदाच. अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल तर बार कॉर्ड जोराने दाबली जातेय. अंगठा मानेच्या मागे मध्यावर आणा आणि पहिलं बोट किंचित कडेवर वळवा. दुखणं मनगटात असेल किंवा बोटं बधिर होत असतील तर त्या दिवशी थांबा.

सलग वाजवताना मोबाइल मीटरभर लांब ठेवून रेकॉर्ड करा. चुकलं तर थांबायचं नाही, पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर परत यायचं. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐका, चुकलेले बार वहीत खुणा करा, आणि पुढचा आठवडा फक्त तेच बार. तीन आठवडे सलग पूर्ण झालं की पंधरवड्यातून एकदा वाजवलं तरी अल्बम हातात राहतो. मध्ये मोठा खंड पडला तर आधी जोड आणि सोलो विसरतात, कॉर्ड नाही. त्यामुळे परत सुरुवात पहिल्या गाण्यापासून न करता जोडांपासून करा.