फ्रेंच कादंबरीतले पॅरिस वाचताना या चुका टाळा

फ्रेंच कादंबरी हातात घेणाऱ्या वाचकाच्या डोळ्यांसमोर पॅरिसचे एक तयार चित्र आधीच असते: सरळ, रुंद रस्ते, सारख्या उंचीच्या दगडी इमारती आणि मागे आयफेल टॉवर. हे चित्र बाल्झाक किंवा ह्यूगो या एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीकारांच्या पानांवर लावणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. त्यांतले बरेचसे रस्ते तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, १८५३ ते १८७० या वर्षांत सेन विभागाचा प्रीफेक्ट, म्हणजे सरकारने नेमलेला मुख्य प्रशासक, असलेल्या ओसमानने जुन्या वस्त्या पाडून काढले, आणि टॉवर तर १८८९चा आहे. ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’मधली बॅरिकेड, म्हणजे बंडखोरांनी रस्ता अडवून रचलेली आडभिंत, अरुंद, वाकड्या गल्ल्यांच्या शहरातच उभी राहू शकते. ती १७८९च्या राज्यक्रांतीतली आहे असे अनेक जण समजतात; प्रत्यक्षात ती जून १८३२मधल्या, जनरल लामार्क यांच्या अंत्ययात्रेतून पेटलेल्या आणि चिरडल्या गेलेल्या उठावातली आहे.

उपाय अगदी साधा आहे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने दोन सनावळ्या लिहाव्यात, एक कथानकाची आणि दुसरी प्रकाशनाची. ‘ले मिझेराब्ल’ १८६२मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ह्यूगोला देशाबाहेर पडून दहा वर्षे उलटली होती, आणि आपण बरीच वर्षे पॅरिसपासून दूर असून मध्यंतरी शहर बदलून गेले आहे, हे तो कादंबरीतच सांगतो. ही नोंद लक्षात ठेवली की गल्लीबोळांची ती लांबलचक वर्णने कंटाळवाणी वाटत नाहीत, कारण आपल्या गैरहजेरीत पाडले जाणारे शहर एक माणूस आठवणीतून शब्दांत जपून ठेवतो आहे, हे आपल्याला दिसू लागते. म्हणूनच वर्णने गाळून ‘गोष्ट’ वाचणे ही मला अक्षम्य वाटणारी चूक आहे. ह्यूगोच्याच १८३१च्या ‘नोत्र-दाम द पारी’ या कादंबरीत १४८२मधले पॅरिस पक्ष्याच्या नजरेने दाखवणारे एक संपूर्ण प्रकरण आहे. इंग्रजी भाषांतराने ‘द हंचबॅक ऑफ नोत्र-दाम’ असे म्हणत शीर्षकात कुबड्याला आणून बसवले, त्यामुळे ते प्रकरण अडगळीसारखे भासते. मूळ शीर्षकात नोत्र-दाम हे कॅथेड्रल आहे आणि ‘पारी’, म्हणजे पॅरिस, हे शहर आहे.

दुसरा अडथळा ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचा आहे. ‘ओतेल’ म्हणजे आपले हॉटेल असे धरून चालू नये. मुक्कामाच्या जागेलाही हा शब्द आहेच, पण बाल्झाकच्या उमरावांचा ओतेल म्हणजे त्यांचा खासगी वाडा, ओतेल द व्हील म्हणजे नगरपालिकेची इमारत आणि ओतेल-द्यू म्हणजे इस्पितळ. ‘फोबूर’ (मूळची वेशीबाहेरची, पुढे शहरात सामावलेली वस्ती) या शब्दाला सरसकट ‘उपनगर’ म्हटले तरी असाच घोळ होतो, कारण फोबूर सें-जर्मेंमध्ये खानदानी घराणी राहत आणि फोबूर सें-आंत्वानमध्ये सुतार व कारागीर. वॉर्डांच्या क्रमांकांवरही विसंबू नये. १८६०पूर्वी वॉर्ड वीस नव्हे, बाराच होते. ‘तेराव्या वॉर्डाच्या कचेरीत लग्न लावणे’ म्हणजे लग्नाविनाच एकत्र राहणे, हा त्या काळचा वाक्प्रचार, तेरावा वॉर्ड तेव्हा नव्हताच हे ठाऊक असल्याशिवाय कळणारच नाही.

मजल्यांच्या बाबतीत तर मुंबई-पुण्याच्या वाचकाची फसगत ठरलेली आहे. उंच मजल्याला जास्त भाव, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. लिफ्ट नसलेल्या पॅरिसमध्ये हिशेब नेमका उलटा होता. बाल्झाकच्या ‘ल पेर गोरियो’ या कादंबरीतला म्हातारा गोरियो व्होकेरबाईंच्या खाणावळवजा घरात येतो तेव्हा पहिल्या मजल्यावर वर्षाला १,२०० फ्रँक देऊन राहतो, पुढे खर्च कमी करत दुसऱ्या मजल्यावर जातो आणि शेवटी तिसऱ्यावर. मुलींनी त्याला किती पिळून काढले, हे बाल्झाक जिन्याच्या पायऱ्यांवर मोजतो. जो वाचक मजला नोंदवत नाही, त्याच्या हातून कादंबरीचा निम्मा अर्थ निसटतो.

शहराची हद्दही अशीच तपासून घ्यावी. झोलाच्या ‘लासोमवार’ (१८७७) या कादंबरीच्या आरंभी, १८५०मध्ये, नायिका जेरव्हेज खिडकीतून जी भिंत पाहते ती जकातीची, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर कर घेण्यासाठी शहराभोवती बांधलेली, भिंत आहे. पलीकडे पॅरिस आणि अलीकडे ती, कारण तिची वस्ती शहरात आली ती १८६०मध्ये. सकाळी मजुरांचे लोंढे त्या भिंतीतून आत शिरतात, एका बाजूला कत्तलखाना असतो आणि दुसऱ्या बाजूला बांधकाम चाललेले इस्पितळ. कादंबरीच्या अखेरीकडे भिंत गेलेली असते, नवे रुंद रस्ते झालेले असतात, आणि उपाशी जेरव्हेज रात्री त्याच कत्तलखान्यापासून त्याच इस्पितळापर्यंत येरझारा घालत असते.